रिपोर्टवर न छापलेला आकडा

२०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने छातीच्या एचआरसीटी स्कॅनचे दर बांधून दिले. यंत्राच्या क्षमतेप्रमाणे दोन हजार, अडीच हजार किंवा तीन हजार रुपये. त्याहून जास्त घ्यायचे नाहीत. निर्णय योग्यच होता. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला. पंचवीसपैकी आठ, पंचवीसपैकी चौदा. अंगात किरकोळ ताप असलेल्या, ऑक्सिजन उत्तम असलेल्या तरुण मुलींचेही स्कॅन झाले, काहींचे दोन-दोनदा झाले. पैसे किती ते सरकारने सांगितले, फुफ्फुस किती बिघडले ते रिपोर्टने सांगितले. त्या स्कॅनमध्ये किरणोत्साराची किती मात्रा शरीराला मिळाली, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही, आणि रुग्णाच्या हाती पडलेल्या कागदावर तो आकडा सहसा छापलेलाही नव्हता.

मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी पत्रकार परिषदेत सांगितले, की एक सीटी स्कॅन म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. तरुण वयात तो वारंवार केला तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने लगेच हरकत घेतली. हे जुन्या यंत्रांचे गणित आहे, आताची यंत्रे फार कमी मात्रेत काम करतात, असे त्यांचे म्हणणे. दोन-चार दिवस वाद रंगला आणि विरला. खरे तर दोन्ही बाजू बरोबर असू शकत होत्या. छातीच्या साध्या एक्स-रेची मात्रा सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट असते (शरीराला होऊ शकणाऱ्या अपायाच्या हिशेबाने मात्रा मोजायचे हे एकक). नेहमीच्या सेटिंगवर केलेल्या छातीच्या सीटीची ७ च्या आसपास, भागाकार साडेतीनशे. पण तोच स्कॅन कमी मात्रेच्या सेटिंगवर एक-दीड मिलिसिव्हर्टमध्येही उरकता येतो. मग सांगलीतल्या किंवा जळगावातल्या एखाद्या मुलीचा स्कॅन यांपैकी कोणत्या सेटिंगवर झाला? तिला माहीत नाही, तिच्या फॅमिली डॉक्टरला माहीत नाही. यंत्राला माहीत आहे, कारण सीटी यंत्र स्कॅन संपताच त्याची मात्रा पडद्यावर दाखवते आणि साठवूनही ठेवते.

तो आकडा रुग्णाच्या रिपोर्टवर छापणे सक्तीचे करावे, आणि मुली व तरुण स्त्रियांच्या बाबतीत तो आयुष्यभर त्यांच्यासोबत राहावा, अशी माझी मागणी आहे. मागणी साधी आहे, पण ती ‘तरुण स्त्रिया’ असे का म्हणते हे समजायला स्तनाच्या पेशीत किरण शिरल्यावर काय घडते ते पाहावे लागते.

क्ष-किरणांनी जनुके बदलतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर दाखवून दिले. १९४६ चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. तेव्हा डीएनएची रचनाही ठाऊक नव्हती. आज आपल्याला कितीतरी बारीक तपशील कळला आहे. एक ग्रे (ऊतीत शोषल्या गेलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक; त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिग्रे) इतकी मात्रा पेशीवर पडली, तर तिच्या डीएनएच्या दुहेरी धाग्यातला एक धागा साधारण हजार ठिकाणी तुटतो. ही तूट पेशी सहज सांधते, कारण समोरचा धागा शाबूत असतो आणि त्यावरून नक्कल करता येते. पण तीस-चाळीस ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात, आणि खरा धोका तिथे आहे. अशी तूट झाली की पेशीत काही मिनिटांत धावपळ सुरू होते. एटीएम नावाच्या जनुकापासून बनलेले प्रथिन तूट ओळखते आणि पी५३ या प्रथिनाला जागे करते. पी५३ इतर अनेक जनुकांना कामाला लावते. त्यांतले पी२१ पेशीचे विभाजन थांबवते, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. आणखी काही जनुके अशी आहेत, की दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली तर ती पेशीला स्वतःहून मरायला लावतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांची प्रथिने दुरुस्तीतले सर्वांत नाजूक काम करतात. गुणसूत्राची ताजी जुळी प्रत शेजारी असेल, तर तिच्यावरून तुटलेला भाग अक्षरशः जसाच्या तसा पुन्हा लिहिला जातो. अशी प्रत हाताशी नसेल तर पेशी तुटकी टोके घाईने जोडून टाकते, आणि त्या घाईत अक्षरे गळतात, कधी भलतीच टोके एकमेकांना जोडली जातात.

या काही तासांत शेकडो जनुकांचे काम वाढते किंवा मंदावते. ‘रेडिएशनमुळे जनुके बिघडतात’ असे आपण सरसकट म्हणतो, पण ही सगळी उलाढाल बिघाड नसते. तिच्यातला बराच भाग शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था असते आणि एक-दोन दिवसांत ती शांत होते. चुकीची दुरुस्ती मात्र कायमची राहते, आणि त्या पेशीपासून होणाऱ्या प्रत्येक पेशीत उतरते.

गेल्या पाव शतकात याच्या पलीकडचेही काही समोर आले आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत मेरी हेलन बार्सेलोस-हॉफ यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या स्तनातली दुग्धग्रंथी वाढण्याआधीच काढून टाकली आणि नुसती चरबी व आधारऊती ठेवली. त्या उंदराला ४ ग्रे किरण दिले. नंतर काही दिवसांनी, किरणांचा स्पर्शही न झालेल्या स्तनपेशी तिथे रोवल्या. या पेशींत पी५३ आधीच सदोष होते, तरी एरवी त्या क्वचितच गाठ धरतात. किरण न दिलेल्या उंदरांत सुमारे पाचांत एका ठिकाणी गाठ झाली. किरण दिलेल्यांत पाचांत चार ठिकाणी. पेशींवर किरण पडलेच नव्हते, पडले होते ते आजूबाजूच्या ऊतींवर. किरणांनंतर त्या ऊतींत टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक रेणू जागा होतो, तो शेजारच्या पेशींतल्या जनुकांना वेगळे आदेश देतो, आणि एरवी ज्या पेशीला शेजारपाजार आवरून धरतो तिला मोकळे रान मिळते. याच गटाने २०११ मध्ये केवळ ०.१ ग्रे मात्रेवर असाच प्रयोग केला, तेव्हा गाठी लवकर आल्या. छातीच्या एका सीटीत स्तनाला साधारण १० ते २० मिलिग्रे मात्रा मिळते. म्हणजे ०.१ ग्रे हा आकडा पाच-दहा स्कॅनमध्ये गाठता येतो. उंदरावरून माणसाचे थेट गणित मांडता येत नाही हे खरेच. पण ‘एक धागा तुटला, जोडला, विषय संपला’ इतके सोपे चित्र आता कोणीही गंभीरपणे मांडत नाही.

आता वयाकडे येऊ. मुलगी वयात येताना स्तनातल्या नलिकांच्या टोकांशी असलेल्या पेशी भराभर विभागत असतात. मूळपेशी तिथेच जास्त असतात. विभागणाऱ्या पेशीत झालेली चूक तिच्या हजारो लेकींत पसरते, आणि पुढे तीस-चाळीस वर्षे दर महिन्याला संप्रेरके त्या पेशींना वाढायला सांगत राहतात. पहिले पूर्ण दिवसांचे बाळंतपण झाल्यावर यांतल्या बऱ्याच पेशी प्रगल्भ होतात. लहान वयात आई झालेल्या जपानी स्त्रियांमध्ये किरणांचा धोका कमी आढळला, त्याचे कारण बहुधा हेच.

जपानचा उल्लेख केला तो हिरोशिमा-नागासाकीच्या पाहणीमुळे. १९५० पासून सुमारे १ लाख २० हजार माणसांचा मागोवा घेतला गेला आहे आणि हे काम आजही चालू आहे. स्तनाच्या कर्करोगाचे चित्र त्यात लखलखीत स्पष्ट आहे. मात्रा जितकी जास्त, तितका धोका जास्त, आणि बॉम्ब पडला तेव्हा ज्या विशीच्या आत होत्या त्यांच्यात धोका सर्वाधिक. चाळिशीनंतर किरण झेललेल्या स्त्रियांत वाढ फार थोडी. दहा वर्षांच्या आतल्या मुलींची गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. त्यांचे स्तन तेव्हा वाढलेलेही नव्हते. तरी त्यांच्यातही कर्करोग वाढला, पण तो आला स्तनाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या वयात, काही दशके वाट पाहून. नागासाकीतल्या रुग्णांच्या गाठी पुढे जनुकीय कसोट्यांवर तपासल्या, तेव्हा स्फोटाच्या जवळ असलेल्या स्त्रियांच्या गाठींत एचईआर-२ आणि सी-मिक या वाढीच्या जनुकांच्या जादा प्रती अधिक प्रमाणात सापडल्या.

बॉम्ब म्हणजे टोकाचे उदाहरण, असे कोणी म्हणेल. मग दवाखान्यातली उदाहरणे पाहा. क्षयावर औषधे नव्हती तेव्हा फुफ्फुसाभोवती हवा भरून ते मिटवून ठेवत, आणि ते मिटले आहे की नाही हे फ्लुओरोस्कोपीखाली, म्हणजे क्ष-किरण सुरू ठेवून पडद्यावर दिसणाऱ्या चित्रात, पुनःपुन्हा बघत. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात इयन मॅकेन्झी या डॉक्टरांनी १९६५ मध्ये दाखवले, की अशा स्त्रियांत पुढे स्तनाचा कर्करोग खूपच जास्त होता. एकेका तपासणीची मात्रा मोठी नव्हती, तपासण्यांची बेरीज मोठी होती. अमेरिकेत पाठीच्या कण्याला बाक असलेल्या ५,५७३ मुलींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकीचे सरासरी पंचवीसेक एक्स-रे झाले होते, स्तनाला मिळालेली मात्रा सरासरी ०.११ ग्रे, आणि स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेच्या १.७ पट. यावरचा उपाय फार सोपा निघाला. मुलीला यंत्राकडे तोंड करून उभे करण्याऐवजी पाठ करून उभे केले, की किरण पाठीकडून शिरतात आणि स्तनापर्यंत पोचेपर्यंत त्यांतला बराचसा भाग शोषला जातो. यंत्र नवे नको, पैसे नकोत. मात्रा मोजली गेली होती म्हणून धोका कळला, आणि धोका कळला म्हणून कोणाला तरी हे सुचले.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २००७ मध्ये धोक्याच्या आपल्या हिशेबात स्तनाला दिलेला भारांक ०.०५ वरून ०.१२ केला. म्हणजे या अवयवाची नाजुकी आधी मानली होती त्याच्या दुपटीहून जास्त धरली. हा बदल जपानच्या आकड्यांमुळेच झाला. आपल्याकडे सीटी लिहून देणाऱ्या किती डॉक्टरांना तो माहीत आहे, याची मला काळजी वाटते.

काही मुलींच्या बाबतीत दुरुस्तीची व्यवस्थाच जन्मतः अर्धी असते. आईकडून किंवा वडिलांकडून बीआरसीएची सदोष प्रत आलेली असते. फ्रान्स, ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या अशा १,९९३ स्त्रियांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिशीच्या आत छातीवर निदानासाठी किरण घेतलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका, तसे किरण न घेतलेल्यांच्या १.९ पट होता. म्हणूनच अशा स्त्रियांची पंचवीस ते तीस वयातली तपासणी एमआरआयने करावी असे सांगतात, कारण त्यात हे किरण नसतात. टीपी५३ (पी५३ प्रथिनाचे जनुक) जन्मतः सदोष असलेल्यांची स्थिती याहून अवघड. त्यांना उपचार म्हणून रेडिएशन द्यायचे की नाही याचाही शंभरदा विचार करावा लागतो. आपल्याकडे स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने दहाएक वर्षे आधी, पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमारास गाठतो. तरी आईला, मावशीला, आत्याला तो चाळिशीच्या आत झाला होता का, हा प्रश्न सीटीच्या फॉर्मवर नसतो. गरोदर आहात का, एवढेच विचारतात.

आता भीतीबद्दल बोलले पाहिजे, कारण ती आपल्याकडे भलत्याच ठिकाणी आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये मोबाइल टॉवरविरुद्ध मोर्चे निघाले, सह्यांच्या मोहिमा झाल्या. केंद्र सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. या लहरींत डीएनएचा धागा तोडण्याइतकी ऊर्जाच नसते. ज्या किरणांत ती असते, ते आपण पॅकेजमध्ये सवलत मिळते म्हणून ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये हौसेने घेतो.

दुसरी भीती मॅमोग्राफीची. ‘तपासणीनेच कॅन्सर होतो म्हणे’ असे सुशिक्षित बायकांच्या तोंडूनही ऐकू येते. दोन्ही स्तनांच्या मॅमोग्राफीत प्रत्येक स्तनाला तीन-चार मिलिग्रे मिळतात, आणि तेही चाळिशीनंतर, स्तन तितका नाजूक राहिलेला नसताना. अमेरिकेतल्या २०१६ च्या एका गणिती अभ्यासाने अंदाज बांधला, की चाळीस ते चौऱ्याहत्तर वयापर्यंत दर वर्षी एक लाख स्त्रियांची मॅमोग्राफी केली तर किरणांमुळे १२५ कर्करोग होतील आणि त्यांतून १६ मृत्यू. वाचणारे जीव ९६८. डॉक्टरांनी सांगितलेली मॅमोग्राफी पन्नाशीच्या बाईने या भीतीपोटी टाळणे मोठे नुकसानीचे आहे. किरणांची धास्ती असलेल्यांसाठी आणखी एक माहिती: टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. यात एकही किरण लागत नाही, आणि तरी ही तपासणी राज्यातल्या प्रत्येक स्त्रीपर्यंत पोचलेली नाही.

तिसरी भीती ‘शेक’ घेण्याची, म्हणजे उपचारातल्या रेडिएशनची. त्यावर मी ठाम आहे. गाठ काढून स्तन वाचवण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर रेडिएशन दिले, तर दहा वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर येते आणि पंधरा वर्षांतले मृत्यूही कमी होतात. जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०११ मध्ये हे सिद्ध झाले आहे. ज्या किरणांनी जनुके तुटतात त्याच किरणांनी गाठीतल्या पेशींची जनुके तोडून त्या मारल्या जातात. दुरुस्तीची त्यांची यंत्रणा आधीच मोडकी असल्याने त्या सावरत नाहीत. चाळिशीच्या आतल्या रुग्णाच्या दुसऱ्या स्तनावर किती मात्रा सांडते याकडे लक्ष हवे. ती एक ग्रेच्या वर गेलेल्या तरुण स्त्रियांत दुसऱ्या बाजूच्या कर्करोगाचा धोका अडीच पट आढळला आहे. पण त्यासाठी उपचार नाकारायचे नसतात, आखणी नीट करून घ्यायची असते. इथेही शेवटी मोजणे आणि नोंद ठेवणे हेच कामाला येते.

माझ्या मागणीवर दोन आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला शास्त्रीय. फार कमी मात्रेत धोका असतो हे सिद्ध झालेले नाही, असे काही तज्ज्ञ म्हणतात, आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. केरळच्या करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे निसर्गतःच किरणोत्सार जास्त आहे. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांच्या अभ्यासात, २००९ मध्ये, कर्करोगाची वाढ दिसली नाही. मला हा अभ्यास मोलाचा वाटतो. पण वाळूतून वर्षभर थेंबाथेंबाने मिळणारी मात्रा आणि दहा सेकंदांत छातीवर पडणारी मात्रा पेशीसाठी एकच नसते. पहिलीत दुरुस्तीला उसंत मिळते. शिवाय अनिश्चितता आहे म्हणून नोंदच ठेवायची नाही, हा युक्तिवाद उलटा आहे. किरणांमुळे झालेल्या गाठीवर तसा शिक्का नसतो. पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईच्या गाठीकडे पाहून ती कशामुळे झाली हे आजचे कोणतेही जनुकीय तंत्र खात्रीने सांगू शकत नाही. सांगता येते ते हजारोंच्या नोंदी जुळवूनच. नोव्हा स्कोशियाच्या दवाखान्यांत जुनी कागदपत्रे नसती, तर मॅकेन्झींच्या हाती काहीच लागले नसते. २०२१ च्या उन्हाळ्यात स्कॅन झालेल्या आपल्या मुली २०४५ मध्ये कर्करोग गाठण्याच्या वयाजवळ पोचतील. तेव्हा आपल्याकडे काय असेल?

दुसरा आक्षेप डॉक्टर घेतात: आकडा छापला तर लोक घाबरतील आणि गरजेचा स्कॅनही नाकारतील. अपघातातल्या मुलीचा सीटी मिनिटभरही थांबवू नये, हे मलाही मान्य आहे. पण औषधाच्या पाकिटावर मिलिग्रॅम छापलेले असतात म्हणून कोणी औषध टाकून देत नाही. निसर्गाकडूनच आपल्याला जागतिक सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, एवढे एक वाक्य आकड्याशेजारी छापले तरी वाचणाऱ्याला अंदाज येतो. कॅलिफोर्नियात मेंदूच्या स्कॅनमध्ये प्रमाणाबाहेर मात्रा दिली गेली, रुग्णांचे केस गळाले, तेव्हा तिथे कायदा झाला. जुलै २०१२ पासून सीटीची मात्रा रिपोर्टवर लिहावी लागते. युरोपीय संघाने २०१३ च्या निर्देशाने रुग्णाला मिळालेल्या मात्रेची माहिती रिपोर्टचा भाग केली आणि सदस्य देशांना २०१८ पर्यंत मुदत दिली. तिथल्या लोकांनी भीतीने सीटी सोडून दिल्याचे काही दिसत नाही.

घाबरण्याऐवजी काय होते, तर तुलना सुरू होते. एका सेंटरवर छातीच्या स्कॅनला दीड आणि त्याच शहरात दुसरीकडे आठ, हे कागदावर दिसू लागले की आठवाल्याला सेटिंग तपासावेच लागेल. चांगले रेडिओलॉजिस्ट आजही मात्रा जिवापाड सांभाळतात. त्यांच्या कसोशीचे श्रेय त्यांना कोणीच देत नाही, कारण ती कुठे दिसतच नाही.

आपल्या नियंत्रणाची स्थिती काय होती, ते महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालात नोंदलेले आहे. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी होती ५,२७० केंद्रांची. ९१ टक्के केंद्रे नियंत्रणाबाहेर होती. त्यानंतर परवाने ऑनलाइन झाले आणि नोंदणी वाढली, याचे श्रेय मंडळाला द्यायलाच हवे. पण परवाना यंत्राचा असतो. एक्स-रे विभागातल्या तंत्रज्ञाच्या छातीवर मिळालेली मात्रा मोजणारा टीएलडी बॅज असतो, ठरावीक काळाने तो वाचला जातो, आणि वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून त्याची नोंद आयुष्यभर राहते. हे हक्काचे संरक्षण आहे आणि ते हवेच. रुग्णाला अशी मर्यादा नसते, आणि नसावीच, कारण गरज असेल तर जास्त मात्राही द्यावी लागते. मर्यादा नसली तरी नोंद असायला कोणाची हरकत आहे? भिंतीच्या या बाजूच्या तंत्रज्ञाचे खाते आहे आणि त्या बाजूला यंत्राखाली झोपलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचे नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. परवान्याच्या नूतनीकरणात एक अट घालायची: सीटी आणि कॅथलॅबच्या (जिथे अँजिओग्राफी होते) प्रत्येक रिपोर्टवर मात्रा छापली पाहिजे. २०२१ पासून ‘आभा’ आरोग्य क्रमांक आले आहेत. त्या खात्यात हा आकडा आपोआप जमा करता येईल. राज्य सरकारने महामारीत काही दिवसांत दर बांधून दिले होते, तेव्हा ‘हे आमच्या हातात नाही’ असे आता म्हणता येणार नाही. तोवर आयांनी मुलीच्या सीटीआधी तीन गोष्टी विचाराव्यात: सोनोग्राफीने किंवा एमआरआयने भागेल का, कमी मात्रेच्या सेटिंगवर होईल का, आणि मात्रेचे पान सीडीत मिळेल का. कण्याचा एक्स-रे असेल तर पाठीकडून घ्या म्हणावे. विचारल्याबद्दल ओशाळायचे काही कारण नाही.

एक काम मात्र अट निघेपर्यंत थांबवून ठेवण्यासारखे नाही. हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा, तरुण वयातला, बहुतांशी बरा होणारा कर्करोग. गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत त्यासाठी मान, काखा आणि छाती अशा मोठ्या क्षेत्रावर ३५-४० ग्रे मात्रा दिली जाई. त्यातून बऱ्या झालेल्या मुलींपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलींना पन्नाशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. हा धोका जन्मतः बीआरसीए-१ सदोष असलेल्या स्त्रियांइतका आहे. छातीवर १० ग्रे किंवा जास्त मात्रा मिळालेल्या अशा मुलींची वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून किंवा उपचारांनंतर आठ वर्षांनी, जे नंतर येईल तेव्हापासून, दर वर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय करावी असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात असे उपचार घेतलेल्या मुली आज चाळिशी-पन्नाशीच्या आसपास आहेत. ‘तू बरी झालीस’ असे सांगून त्यांना घरी पाठवले, लग्ने झाली, गावे बदलली, आडनावे बदलली. किती मात्रा, कोणत्या क्षेत्रावर, कोणत्या वर्षी, हे सगळे त्यांच्या उपचारांच्या कागदांत लिहिलेले आहे. राज्यातल्या प्रत्येक कर्करोग रुग्णालयाने तिशीच्या आत छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींची यादी काढावी, पत्ते शोधावेत आणि त्यांना तपासणीसाठी बोलवावे. तपासणीचा खर्च सरकारी आरोग्य योजनेतून द्यावा.